मॅलेट न लागणारी मोटर

जुळणीच्या टेबलावर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर आहे. रोटर आत गेला, दोन्ही कव्हरं लागली. फिटरने शाफ्टला बोटाने गती दिली तर तो हलका फिरला. मग स्क्रू आवळायला सुरुवात झाली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा आवळला आणि शाफ्ट जड झाला. फिटर काही बोलत नाही. त्याचा हात सवयीने नायलॉनच्या मॅलेटकडे जातो. कव्हराच्या कडेवर दोन ठोके, शाफ्ट फिरवून पाहायचा, आणखी एक ठोका, आणि मोटर पुढच्या टेबलावर सरकते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी, जिथे जिथे लहान मोटरी बनतात तिथे मी हे पाहिले आहे, आणि तरुणपणी स्वतःही केले आहे. त्या तीन ठोक्यांनी काय होते? स्पिगॉटमध्ये, म्हणजे कव्हर आणि बॉडी एकमेकांत बसतात त्या गोल पायरीत, जेवढी ढिलाई आहे तेवढे कव्हर सरकते आणि ताण तात्पुरता सुटतो. ठोक्याचा धक्का मात्र बेअरिंगच्या गोळ्यांमधून रेसवर जातो. मोटर चाचणीत पास होते आणि गिऱ्हाइकाकडे काही महिन्यांनी आवाज करू लागते. तोवर कारण शोधायची वेळ निघून गेलेली असते. मग वाइंडिंगवाल्याला बोल लागतो, बेअरिंगच्या कंपनीला बोल लागतो.

जुळणीत मॅलेट लागत असेल तर चूक ड्रॉइंगमध्ये किंवा लेथवर झालेली आहे आणि ती तिथेच काढली पाहिजे, हे मला या लेखात सांगायचे आहे. पाव ते एक अश्वशक्तीच्या मोटरी बनवणारे लहान कारखानदार, त्यांचे टर्नर आणि फिटर, आणि डिप्लोमा करून नुकतेच डिझाइनच्या संगणकासमोर बसलेले मुलगे-मुली यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. उदाहरणाला ३७० वॅटची, ७१ फ्रेमची मोटर घेऊ. ७१ फ्रेम म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची ७१ मिलिमीटर. अशा मोटरीत बहुधा ६२०२ बेअरिंग असते: आतला व्यास १५, बाहेरचा ३५, जाडी ११ मिलिमीटर.

तीन भोके, एक रेषा

बॉडी म्हणजे मोटरीचा डबा, अशी समजूत खोलवर बसलेली आहे. उष्णता बाहेर टाकणे, पाणी-धूळ अडवणे, पायावर उभे राहणे ही कामे ती करतेच. पण तिचे पहिले काम वेगळे आहे. पुढच्या कव्हरातले बेअरिंगचे भोक, मागच्या कव्हरातले भोक आणि स्टेटरचे भोक ही तिन्ही एका रेषेत धरून ठेवणे. एवढ्या मोटरीत रोटर आणि स्टेटर यांच्यातली फट साधारण ०.३ मिलिमीटर असते, म्हणजे वहीच्या तीन कागदांएवढी. फट एका बाजूला कमी झाली की चुंबकीय ओढ त्या बाजूला वाढते आणि रोटर आणखी तिकडेच खेचला जातो. मोटर घुमू लागते आणि बेअरिंगवर एकाच दिशेचा भार राहतो. जाणकार माणसे केंद्र फटीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त सरकू देत नाहीत. म्हणजे आपल्याजवळ ३० मायक्रॉन आहेत, बस.

आता हे ३० मायक्रॉन कुठे कुठे खर्च होतात ते वहीत मांडू. स्टेटरच्या स्टॅम्पिंगच्या बाहेरच्या व्यासापासून आतल्या भोकाचे केंद्र ३० मायक्रॉन हललेले धरा. बॉडीचा बोअर आणि बॉडीचा स्पिगॉट यांच्यात २०. स्पिगॉटच्या ढिलाईमुळे त्रिज्येवर २०. कव्हराचा स्पिगॉट आणि बेअरिंगचे भोक यांच्यात २०. बेअरिंगची ढिलाई १०. रोटरचा रनआउट २०. यातला एकही आकडा वाईट कारागिरीचा नाही. चांगल्या लेथवर, चांगल्या माणसाच्या हातून येणारे हे आकडे आहेत. तरी सगळे एकाच दिशेला पडले तर बेरीज १२० मायक्रॉन होते, म्हणजे फटीचा ४० टक्के भाग गेला. सगळे एकाच दिशेला सहसा पडत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा वर्ग करून, बेरीज घेऊन वर्गमूळ काढण्याची रीत आहे. तसे केले तरी ५१ येतात. आपल्याला हवे होते ३०.

इथे बहुतेक जण एकच उपाय करतात: प्रत्येक टॉलरन्स अर्धा करा. ड्रॉइंगवर अर्धा करायला काही लागत नाही, पण कारखान्यात त्याची किंमत दुप्पट होते आणि टर्नर तो आकडा गंभीरपणे घेणे सोडून देतो. या टॉलरन्सच्या साखळीतल्या कड्याच कमी करणे हा त्याहून पक्का उपाय आहे. स्टेटर बॉडीत बसवल्यावर स्टेटरच्याच भोकात फुलणारा मँड्रेल घालून जॉब धरा आणि बॉडीचे दोन्ही स्पिगॉट व फेस एकाच सेटिंगमध्ये फिनिश करा. पहिल्या दोन कड्या, ३० आणि २०, गळून पडतात. त्यांच्या जागी मँड्रेलची एकच, साधारण १५ मायक्रॉनची कडी येते. स्पिगॉटची ढिलाई २० वरून १० वर आणली की वर्गमूळ ३५ पर्यंत उतरते. रोटर शाफ्टवर बसवून शाफ्टच्या बेअरिंग-जागांवरूनच ग्राइंड केला तर त्याचे २० ही कमी होतात आणि आपण ३० च्या आत येतो. नवे मशीन घ्यावे लागले नाही. फक्त कामाचा क्रम बदलला.

या पद्धतीत एक धोका आहे आणि तो गांभीर्याने घ्या. वाइंडिंग झालेल्या स्टेटरवर टर्निंग करताना ॲल्युमिनियमची चिप तारांमध्ये अडकते. दोन्ही बाजूंना वाइंडिंगवर घट्ट बसणारी टोपी घाला, काम संपेपर्यंत ती काढू नका, आणि चिप फुंकून काढण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढा. फुंकलेली चिप आत जाते.

तीन जबड्यांचा फसवा गोल

आता लेथकडे. पातळ भिंतीचे कव्हर तीन जबड्यांच्या चकात घट्ट धरले की ते तीन जागी दबते. त्या अवस्थेत भोक अगदी गोल कापले जाते. जबडे सुटले की कव्हर मूळ आकाराला परत जाते आणि भोक तीन पाकळ्यांचे होते. हे डोळ्यांना दिसत नाही. आणि दोन बिंदूंवर मोजणाऱ्या बोअर गेजलाही ते दिसत नाही, कारण तीन पाकळ्यांच्या आकारात जिथे एका बाजूला उंचवटा असतो त्याच्या बरोबर समोर खळगा असतो. गेज कसाही फिरवा, व्यास तोच येतो.

मी हा धडा महागात शिकलो. कव्हरांचा एक मोठा लॉट आम्ही बोअर गेजने तपासून पास केला होता. जुळणीत मोटरी ठीक फिरत होत्या, पण दर तिसऱ्या-चौथ्या मोटरीतून बारीक किणकिण ऐकू येत होती. आम्ही बेअरिंग बदलले, ग्रीस बदलले, रोटरचे बॅलन्सिंग पुन्हा केले. शेवटी एका जुन्या टर्नरने बेअरिंगच्या मापाच्या प्लग गेजला मार्किंग ब्लू लावला, भोकात घालून फिरवला आणि काढला. भोकात निळ्या रंगाचे तीन पट्टे उमटले होते, दोन-दोन जबड्यांच्या बरोबर मधल्या जागी. बेअरिंगचे बाहेरचे कडे पातळ असते. त्याला ज्या भोकात बसवाल त्या भोकाचा आकार ते घेते.

म्हणून भोक तीन बिंदूंच्या मायक्रोमीटरने मोजा. ते नसेल तर निळ्या रंगाची ही चाचणी दर तासाला एका कव्हरावर करा. आणखी एक सोपी परीक्षा आहे. जॉब चकात असताना भोकात डायल फिरवून पाहा, मग जबडे अगदी थोडे सैल करून पुन्हा पाहा. काटा हलला तर पकड चुकीची आहे. उपाय म्हणजे मऊ जबडे घेऊन ते कव्हराच्या बाहेरच्या व्यासाला पूर्ण टेकतील असे बोअर करणे, किंवा त्याहून चांगले, कव्हर फेसवर टेकवून स्क्रूच्या भोकांवरून लांबीच्या दिशेने दाबणारे फिक्स्चर करणे. जुळणीत स्क्रू जसे दाबतात तसेच मशीनवर दाबले, की जुळणीत नवीन वाकणे होत नाही. डिझाइन करणाऱ्याने कव्हराच्या कडेला या पकडीसाठी जागा ठेवलीच पाहिजे. ती नंतर सुचून उपयोग नाही, साचा तोवर बनलेला असतो.

मापाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात शेडमधले तापमान ४० अंशांवर जाते, आणि नुकतेच कापलेले ॲल्युमिनियम त्याहून गरम असते. २० अंशांनी तापलेले ३५ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे भोक १६ मायक्रॉन मोठे दिसते. सगळा टॉलरन्सच १६ मायक्रॉनचा असेल तर ते माप कशाचे झाले? जॉब आणि गेज दोन्ही एकाच पाटावर अर्धा तास ठेवा, मग मोजा.

ॲल्युमिनियम तापते तेव्हा

ॲल्युमिनियम एका अंशाला एका मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते, पोलाद सुमारे १२, बीड म्हणजे ओतीव लोखंड सुमारे साडेदहा. जुन्या बिडाच्या बॉडीचे ड्रॉइंग तसेच ठेवून फक्त धातू बदलला की गडबड होते ती या फरकामुळे.

आधी बेअरिंगची जागा. ३५ मिलिमीटरचे भोक एच ७ या टॉलरन्स-वर्गात शून्य ते अधिक २५ मायक्रॉन असते, आणि बेअरिंगचा बाहेरचा व्यास शून्य ते उणे ११. थंड मोटरीत ढिलाई शून्य ते ३६. मोटर ५० अंशांनी तापली की ॲल्युमिनियमचे भोक ४० मायक्रॉन वाढते, बेअरिंग २१. ढिलाईत आणखी १९ ची भर पडते. आता बाहेरचे कडे भोकात सावकाश फिरू लागते आणि मऊ ॲल्युमिनियम झिजवते. उघडल्यावर भोकात काळपट भुकटी दिसते, ती हीच. बिडाच्या कव्हराला एच ७ चालत होता. ॲल्युमिनियमला जे ६ द्या, म्हणजे अधिक १० ते उणे ६. कव्हर ओव्हनमध्ये ८० अंशांपर्यंत गरम करून बेअरिंगवर ठेवा, ते स्वतःच्या वजनाने उतरते. भार मोठा असेल किंवा पट्ट्याचा ओढा असेल तर भोकात पोलादी बुश ओतून घ्या. मधला मार्गही आहे: भोकात उथळ खाच कापून रबराची ओ-रिंग बसवा, ती कड्याला फिरू देत नाही. मी लहान मोटरींत बुशपेक्षा ओ-रिंग पसंत करतो, कारण बुश साच्यात तिरका बसला तर तो दोष पुढे कुणालाच सुधारता येत नाही.

बेअरिंग मागवताना सी ३ ढिलाईचे मागवा. १५ मिलिमीटर भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये आतली ढिलाई ३ ते १८ मायक्रॉन असते, सी ३ मध्ये ११ ते २५. शाफ्टवरच्या घट्ट बसणीने आणि आतले कडे जास्त तापल्याने त्यातली बरीच संपते.

मग स्टेटर. ११० मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियम बॉडी १५० अंशांनी तापवली की तिचा व्यास ०.३८ मिलिमीटर वाढतो आणि स्टेटर अलगद आत उतरतो. प्रश्न चालू मोटरीचा आहे. बॉडी ५० अंशांनी तापली तर तिचा व्यास १२६ मायक्रॉन वाढतो. आतले स्टॅम्पिंग ६० अंशांनी तापले तर ७९. म्हणजे थंडपणीचा ४७ मायक्रॉनचा आवळपणा चालताना नाहीसा होतो. ज्यांनी ड्रॉइंगवर ४० लिहिले आहेत त्यांचा स्टेटर गरम मोटरीत मोकळा असतो आणि एका स्क्रूच्या आधारावर लटकतो. व्यासावर किमान ७० ठेवा. १२० च्या वर जाऊ नका, कारण दाब वाढला की बॉडीत तडा जायची भीती असते आणि दाबलेल्या स्टॅम्पिंगमध्ये आयर्न लॉसही वाढतो.

या बसणीचा उष्णतेशी संबंध आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्टेटर आणि बॉडी यांच्यात ५० मायक्रॉनची हवा राहिली आणि तिच्यातून १५० वॅट उष्णता बाहेर जायची असेल, तर ७० मिलिमीटर लांबीच्या स्टॅम्पिंगला ती हवा पार करायला सुमारे १२ अंशांचा फरक लागतो. म्हणजे वाइंडिंग तेवढे जास्त गरम. तापमान १० अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, हा आपल्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. बाहेरच्या फिन्स उंच करण्यासाठी साच्यावर खर्च करण्याआधी आतली ही फट बंद करा. फिन्सबद्दल एवढेच सांगतो की त्या पंख्याच्या हवेच्या दिशेने धावल्या पाहिजेत आणि पंख्याची टोपी त्यांच्यावर थोडी चढलेली हवी. नाहीतर हवा पहिल्या इंचातच बाहेर पळते.

फेस, स्पिगॉट आणि चौथा स्क्रू

पहिल्या परिच्छेदातल्या चौथ्या स्क्रूकडे परत येतो. कव्हर बॉडीवर बसते तेव्हा दोन पृष्ठभाग दोन वेगळी कामे करतात. मध्य स्पिगॉट धरतो, काटकोन फेस धरतो. हे ध्यानात ठेवले तर अर्धे डिझाइन आपोआप सुचते. स्पिगॉट लांब ठेवला की तोही काटकोन धरायला जातो, फेसशी भांडतो आणि कव्हर तिरके अडकते. ३ ते ५ मिलिमीटर लांबी पुरे, आणि शिरताना वाट दाखवायला तोंडाशी उतार. स्पिगॉट आणि फेस यांच्या कोपऱ्यात बारीक खाच हवीच, नाहीतर टूलच्या टोकाची गोलाई कोपऱ्यात राहते आणि कव्हर तिच्यावर चढून बसते.

आणि स्क्रूची भोके. ॲल्युमिनियममध्ये टॅप मारला की भोकाच्या तोंडाशी धातू थोडा वर येतो. स्क्रू आवळला की आणखी वर येतो. फेसवर चार बारीक टेकड्या तयार होतात आणि कव्हर त्यांच्यावर टेकते. चारही टेकड्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून तीन स्क्रूंपर्यंत सगळे ठीक असते आणि चौथ्याला कव्हर वाकते. उपाय एका ड्रिलचा आहे: टॅप मारण्याआधी भोकाच्या तोंडाला आट्यांपेक्षा रुंद उतार द्या. मी ज्या ज्या ठिकाणी हे करायला लावले तिथे मॅलेटचा वापर सगळ्यात आधी याच बदलाने कमी झाला. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची खोली स्क्रूच्या व्यासाच्या दुप्पट ठेवा, एम ५ ला १० मिलिमीटर.

साच्याविषयी थोडेसे. एडीसी १२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या प्रेशर डाय कास्टिंगमध्ये कातडी घट्ट असते आणि आत, सुमारे अर्ध्या मिलिमीटरनंतर, हवेची छिद्रे सुरू होतात. बेअरिंगच्या भोकात मशीनिंगला १ मिलिमीटर ठेवला तर तुम्ही ती कातडी कापून टाकता आणि बेअरिंग जाळीवर बसते. मशीनिंग अलाउन्स ०.४ ते ०.५ ठेवा. भिंत सगळीकडे अडीच-तीन मिलिमीटर सारखी ठेवा. बेअरिंगचा बोळा जाड केल्याने मजबूत होत नाही, तो शेवटी थिजतो आणि आत पोकळ राहतो. मजबुती बोळ्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या रिब्सनी आणा. आणि साच्याची सांधरेषा स्पिगॉटमधून जाऊ देऊ नका.

पायांचे मशीनिंग शेवटी करा. सपाट पाटावर मोटर ठेवून चारही पायांखाली ०.०५ चा फीलर घालून पाहा. एका पायाखाली शिरला तर गिऱ्हाइकाने बोल्ट आवळल्याबरोबर बॉडी वळणार आणि तुम्ही सांभाळलेले ३० मायक्रॉन तिथे संपणार.

टेबलावर

बेअरिंग शाफ्टवर बसवताना दाब फक्त आतल्या कड्यावर, कव्हरात बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर. योग्य मापाची नळी टेबलाला साखळीने बांधून ठेवा, म्हणजे ती हरवणार नाही आणि तिच्या जागी पान्याचा तुकडा वापरला जाणार नाही. हाताचा छोटा आर्बर प्रेस हातोडीपेक्षा शंभर पटीने बरा.

दोन बेअरिंगपैकी एकच लांबीच्या दिशेने पक्के धरा. दुसऱ्याच्या बाहेरच्या कड्यामागे वेव्ह वॉशर घाला आणि सरकायला जागा ठेवा. बिडाच्या बॉडीत हे विशेष महत्त्वाचे, कारण रोटरमुळे शाफ्ट बॉडीपेक्षा जास्त तापतो आणि १५० मिलिमीटरमागे सुमारे ५५ मायक्रॉन जास्त लांबतो. जागा नसेल तर तो दोन्ही बेअरिंगना बाहेर रेटतो. वॉशरचा दाब किती? बेअरिंगच्या भोकाच्या मिलिमीटरला ५ ते १० न्यूटन हा लहान मोटरींचा प्रचलित हिशेब आहे. १५ मिलिमीटरला ७५ ते १५० न्यूटन, म्हणजे साधारण साडेसात ते पंधरा किलोचा दाब. जुळणीत सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग हाच. प्रत्येक मोटरीचे सुटे भाग खाचा पाडलेल्या ट्रेमध्ये द्या. ट्रेमध्ये वॉशर उरला की मोटर पुढे जाणार नाही.

स्क्रू समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. पहिल्या फेरीत अर्धा जोर, मग पूर्ण, आणि जोर टॉर्क लावलेल्या ड्रायव्हरने ठरवा, मनगटाने नव्हे. दोन्ही फेऱ्यांनंतर शाफ्ट फिरवून पाहा. जड झाला तर मॅलेटला हात लावू नका. एक स्क्रू अर्धा फेरा सैल करा. शाफ्ट मोकळा झाला तर त्या स्क्रूपाशी फेस उंच आहे. कोणताही एक सैल करून फरक पडत नाही, पण सगळे सैल केल्यावर मोकळा होतो, तर लांबीच्या दिशेची जागा कमी पडते आहे. स्क्रू काढूनही जड, तर भोक किंवा बेअरिंग. कारण वहीत लिहा, तारखेसकट. पंधरा दिवसांत ती वही तुम्हाला सांगेल की लेथवर कुठे जायचे.

तारांची काळजी दोन वाक्यांत. बॉडीतून तार बाहेर येते त्या भोकाची बर काढा, ग्रोमेट घाला, आणि कव्हर बसवताना तार फेसमध्ये चेपत नाही हे बोट फिरवून पाहा. अर्थिंगच्या जागी रंग चढू देऊ नका, आणि तिथे दाते असलेला वॉशर घाला.

मोटर कोकणात जाणार असेल तर पाण्याचा विचार वेगळा करा. सील कितीही चांगले असले तरी गरम मोटर बंद झाली की आतली हवा आकसते आणि ओलसर हवा आत ओढली जाते. रात्रभरात तिचे थेंब होतात. सर्वांत खालच्या बिंदूला पाणी निघून जाणारे भोक हवे, आणि मोटर ज्या बाजूने उभी राहील ती बाजू धरून ते ठरवायला हवे. केबल ग्लँड खाली तोंड करून ठेवा, केबलला आत शिरण्याआधी एक झोळ द्या. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियममध्ये उघडा स्टेनलेस स्क्रू बसवला की शेजारचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय तो घालू नका.

कायम चुंबकाच्या डीसी मोटरी बनवणाऱ्यांसाठी एक इशारा. तिथे बाहेरचा पोलादी डबा हा चुंबकीय वाटेचाच भाग आहे. पत्रा पातळ केला की चुंबकाचे बळ डब्यात मावत नाही, बाहेर गळते आणि मोटरीचा जोर घटतो. वजन वाचवायला तिथे ॲल्युमिनियमची नळी वापरता येणार नाही. आणि रोटर हाताने आत घालू नका. तो शेवटच्या इंचात झेपावतो, चुंबकाचा टवका उडतो, बोटे चिमटतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाट दाखवणारे साधे फिक्स्चर करा.

शेवटी चाचणी. इन्सुलेशनसाठी किमान १५०० व्होल्ट एक मिनिट द्यायचेच असतात. थरथर मोजायचे यंत्र असेल तर या आकाराच्या मोटरीला, रबरावर मोकळी ठेवून, सेकंदाला १.६ मिलिमीटरची मर्यादा आहे. यंत्र नसेल तर घड्याळ पुरते. रिकामी मोटर पूर्ण वेगाला नेऊन वीज तोडा आणि शाफ्ट थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. एकाच लॉटमधल्या मोटरी जवळपास सारख्याच वेळात थांबायला हव्यात. जी लवकर थांबते तिच्यात काहीतरी आवळलेले आहे.

उद्या शिफ्ट सुरू होण्याआधी गोदामातून तयार मोटरींपैकी दहा उचला. घड्याळ लावून दहाही थांबवून पाहा. सर्वांत लवकर थांबलेली मोटर बाजूला घ्या, तिचे स्क्रू एकेक करून सैल करा, कव्हर काढा आणि बेअरिंगच्या भोकात निळा रंग लावलेला प्लग गेज फिरवा. जे दिसेल ते टर्नरला आणि फिटरला, दोघांना एकत्र उभे करून, दाखवा.